रिकाम्या गाडीचं वजन

एकतीस वर्षं धान्याच्या कोठारावर काटा सांभाळला.
भरला ट्रक आला की एक आकडा,
गहू ओतून परत चढला की दुसरा.
वजाबाकी करायची, उरेल ते शेतकऱ्याचं.
मापात पाप केलं नाही.
एकदा केलं, मेहुण्यासाठी. चाळीस पौंड.

आता गुडघे गेले, काटा इलेक्ट्रॉनिक झाला
आणि मी वाचतो.
मंगळवारी मार्व्हल टॉफ्टे ग्रंथालय उघडते
तेव्हा पायरीवर मी असतोच, बुटांचा बर्फ झटकत.
सरहद्दीवरचं जे सापडेल ते:
मोजणीदारांच्या रोजनिश्या, रेल्वेचे अहवाल,
तह, तहांच्या पुरवण्या, पुरवण्यांतल्या दुरुस्त्या,
आणि ती जाडजूड पुस्तकं, ज्यांत
माणूस एकटा, घोडा एकटा, आभाळसुद्धा एकटं,
आणि सरकार तीनशे पानं फिरकतच नाही.

माझा आजा त्या पुस्तकांतला.
"सरकारनं आपल्याला काही दिलं नाही," म्हणायचा,
आणि बसायचा नेमका त्या चौकटीखाली
जिच्यात एकशेसाठ एकरांचा कागद,
खाली राष्ट्राध्यक्षाची सही,
तीही कुणा कारकुनानं केलेली.

खोटं बोलत नव्हता तो.
ढेकळांच्या घरात पहिल्याच हिवाळ्यात दोन मुलं गेली,
तेव्हा गोठलेली जमीन खणायला
कुठलं सरकार कुदळ घेऊन आलं नव्हतं.
पण त्याच्या आधी साखळ्या ओढत मोजणीदार येऊन गेले होते,
त्यांच्या आधी फौज,
फौजेच्या आधी एक तह,
ज्यावर माणसांच्या नावांपुढे नुसत्या फुल्या.
शेजाऱ्यानं वीतभर बांध कोरला तर आम्ही कोर्टात जातो.
इथे बांधाच्या आधी अख्खं रान कोरून आणलेलं.

बापाच्या वेळी दुसरा कागद आला.
नदीवर धरण. सखलातली नव्वद एकर पाण्याखाली.
रात्रभर पडवीत बसून तो ओरडत होता,
"एका कागदावर माणसाची जमीन घेतात का?"
मी बारा वर्षांचा.
मला वाटलं, हा प्रश्न जगात पहिल्यांदाच कुणी विचारतोय.

(वीजही कागदावरच आली होती, हे सांगायला हवं.
पहिल्या रात्री आई दिवा लावत, विझवत, लावत बसली होती.)

गेल्या हिवाळ्यात एका पुस्तकात, पान दोनशे चौदा,
'ही दरी तेव्हा निर्जन होती' या ओळीशेजारी
पेन्सिलीनं, बारीक: आजी तिथे मका लावायची.
पुढे नकाशावर: विहीर इथे नाही,
पश्चिमेला, कॉटनवुडच्या झाडापाशी.

मागच्या खिशातलं कार्ड काढून पाहिलं.
माझं नाव. डेल्फीन लारोक. माझं. डेल्फीन.
वीस वर्षं आम्ही एकामागून एक तीच पानं उलटतोय,
आणि पोस्टात भेटलो की थंडीबद्दल बोलतो.
तिच्या नवऱ्याचा ट्रक मी कितीदा तोललाय.

तेव्हापासून झोपेतही वजाबाकी चालते.
सरकार वजा केलं तर आज्याच्या घामाचं वजन किती?
आज्या वजा केला तर सरकारचं?
यात गाडी कुठली आणि गहू कुठला?
रिकामी करून चढवावी म्हटलं
तर खालचा काटाच सरकारी,
दर वसंतात बिस्मार्कहून इन्स्पेक्टर यायचा शिक्का मारायला,
आणि त्या शिक्क्यावर माझी चूल पेटायची.
ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे खरं,
पण सशाच्या बिळावर घर बांधून राहणाऱ्याला काय म्हणायचं,
हे एकाही पुस्तकात सापडलं नाही.

सोमवारी रात्री स्टोव्हजवळ बसून
मार्व्हलचा नियम मोडला.
दोनशे चौदाव्या पानावर, तिच्या ओळीखाली, पेन्सिलीनं:
आजीचं नाव काय होतं?

पुस्तक परत दिलं त्याला तीन आठवडे झाले.
मंगळवारी कपाटापाशी जाऊन कार्ड बघून येतो.
शेवटचं नाव अजून माझंच आहे.